महाराजांनी माफ केलं

तोआकासेचा नवरा लिसिआते वारला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि या तीन वर्षांत मोतुलोआ बेटावरच्या एकाही माणसाला तिच्या चारित्र्याची काळजी वाटली नव्हती. काळजी वाटायला लागली ती राजधानीतला एक हॉटेलवाला येऊन तिच्या जमिनीपुढचा समुद्र बघून गेल्यावर. पांढरी वाळू, शांत पाणी, वाऱ्याला डोंगराचा आडोसा. तो माणूस नोपेलेंच्या घरी उतरला, भाजलेलं डुक्कर खाल्लं, रात्रभर कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं नशेचं पेय, प्यायला आणि बोटीने परत गेला. पुढच्याच रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरच्या बायका तोआकासे जवळ आली की बोलायच्या थांबायला लागल्या. आता याला कुणी योगायोग म्हणत असेल तर म्हणो बापडं.

नोपेले म्हणजे बेटाचे जहागीरदार. त्यांचं नाव घ्यायची रीत नाही. तोंडावर ‘सरकार’, पाठीमागे ‘नोपेले’. आख्खं बेट त्यांचं, राजाने त्यांच्या पणज्याला दिलेलं. त्यातला एकेक तुकडा बेटावरच्या एकेका पुरुषाला कसायला मिळतो आणि बापामागून मुलाकडे जातो. मुलीकडे जात नाही. मुलगा नसला तर विधवेने ती जमीन मरेपर्यंत खावी, पण विधवेसारखं राहून. तिने दुसरं लग्न केलं, किंवा तिचं कुणाशी जमलंय असं कोर्टात शाबीत झालं, की जमीन परत नोपेलेंकडे. कायदाच आहे तसा, पणजोबाच्या काळापासूनचा. आपल्या दारात येईपर्यंत त्याचा कुणी विचार करत नाही, एवढंच.

तोआकासेच्या दारात तो सुनिआच्या निमित्ताने आला. सुनिआ लिसिआतेबरोबर मासेमारीला जाणारा, शेजारचाच. कोनफळं लावायची तर कंबरेएवढे खड्डे खणावे लागतात, आणि ते पुरुषाचं काम. बाईने चटया विणाव्यात, झाडाची साल कुटून कापड करावं. घरात पुरुष नाही म्हटल्यावर दर हंगामात सुनिआ यायचा, खड्डे खणायचा, वेल चढवून द्यायचा आणि काढणीला दोन टोपल्या घेऊन जायचा. गेल्या वादळात तो तिचं छप्पर दोरांनी बांधायला आला, तेवढ्यात वाटेवर झाडं आडवी पडली, आणि बिचारा अंगणापलीकडच्या स्वयंपाकाच्या खोपीत झोपला. तोआकासेची मुलगी फुसी तेव्हा राजधानीत शाळेला होती. एवढंच घडलं. ऐकणाऱ्याने याहून जास्त काही मनात आणू नये, कारण याहून जास्त काही नव्हतंच.

नोपेलेंनी कोर्टात अर्ज लावला. जमिनीचा न्यायाधीश परमुलखातला, तो मधूनमधून बोटीने बेटावर येतो आणि चर्चच्या सभागृहात कोर्ट भरवतो. पहिल्या तारखेला नोपेलेंचा डुकरं राखणारा माणूस साक्षीला उभा राहिला. म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, खोपीच्या खिडकीतून. न्यायाधीशाने विचारलं, कुठल्या बाजूची खिडकी? हा म्हणाला, समुद्राकडची. सगळं सभागृह फिस्सकन हसलं, कारण स्वयंपाकाच्या खोपीला कुणी खिडकी ठेवतं का? तोआकासे नोपेलेंसमोर उभी राहून म्हणाली, हे खोटं आहे. न्यायाधीशाने दुसरा काही पुरावा आहे का विचारलं, वकिलाने मुदत मागितली, आणि तारीख पुढच्या बोटीवर गेली.

त्या दिवशी तोआकासेच्या शेजारी तिचा हात धरून कोण बसलं होतं? सुनिआची बायको लेसिएली. जाडजूड, तोंडाने फटकळ. बाहेर पडल्यावर ती चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझा नवरा झोपला की घोरतो, जागा असला की खातो. त्याला ठेवून घेणारी बाई अजून जन्माला यायचीय.” तोआकासे किती तरी दिवसांनी हसली. तिला वाटलं, सुटलो आपण यातून.

आणि खरंच सुटली असती. जरा गप्प बसून पुढच्या बोटीची वाट बघितली असती तर सुटली असती. पण आपल्याकडे कुणाचं बरं होताना दिसलं की ते आणखी बरं करायला एखादा शहाणा येतोच.

तो आला. हेआमासी नाव. लिसिआतेचा सख्खा चुलता, आणि नोपेलेंचा मतापुले, म्हणजे चार लोकांत त्यांच्या वतीने बोलणारा. सरकार कधी स्वतः भाषण करत नाहीत, बोलतो तो मतापुले. हेआमासीच्या घराण्यात ते काम पिढ्यान् पिढ्या. माणूस वाईट नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की पुतण्याच्या बायकोचं भलं व्हावं आणि सरकारांचाही मान राहावा, आणि दोन्ही एकाच वेळी जमतं अशी त्याची आयुष्यभराची समजूत होती.

तो ओट्यावर चटई टाकून बसला. तोआकासेने नारळ फोडून दिला.

“पोरी, तू जिंकशील,” तो म्हणाला. “गावात सगळे तेच म्हणतायत.”

“तुमच्या तोंडात साखर पडो, काका.”

“पण मग पुढे काय? सरकार कुठे जातील? इथेच राहतील ना? तूही इथेच. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं भागेल?”

“मी कुठे वैर केलं? कोर्टात त्यांनी खेचलं मला.”

“त्यांच्या माणसाला सगळ्यांसमोर खोटा पाडलास. लोक हसले. डुकरं राखणाऱ्याला हसले असं तुला वाटतं? सरकार त्या दिवसापासून नीट जेवले नाहीत. त्यांच्या सात पिढ्यांत रयतेतलं माणूस त्यांच्यासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणालं नव्हतं.”

हे तोआकासेला आतून टोचतच होतं. कोर्टात ‘हे खोटं आहे’ म्हणताना ती घाबरली होती, ती काही खटल्याला नव्हे. नोपेलेंच्या डोळ्यांत बघून उलट बोलायची तिच्या आईने, आजीने कधी स्वप्नातसुद्धा हिंमत केली नसती.

हेआमासीने आवाज खाली आणला. “महाराज येतायत. चर्चची शंभरी आहे, स्वतः येणार आहेत. तू गळ्यात इफीच्या पानांची माळ घालून त्यांच्यापुढे बस.”

फुसी आत अळूची पानं धूत होती. सुट्टीत आली होती, आणि कान तिखट पोरीचे. ती पानं तशीच हातात घेऊन दारात आली.

“माळ गुन्हेगार घालतात, आजोबा.”

“तुला कुणी विचारलं?”

“मागे त्या वाहुने दारू पिऊन दुसऱ्याची होडी खडकावर घातली, तेव्हा त्याने घातली होती. माझ्या आईने कुणाची होडी फोडलीय?”

“शाळेत घातलं की पोरी अशा होतात,” हेआमासी तोआकासेकडे बघून म्हणाला. मग फुसीला समजावल्यासारखं म्हणाला, “अगं बाळ, ती माळ सुनिआबद्दल नाही. सरकारांना चारचौघांत उलट बोलली त्याबद्दल. तेवढा तर अपराध झालाय ना? आणि इफीची माळ घातलेल्या माणसाला आजवर कुणी रित्या हाताने परत पाठवलेलं नाही. माझ्या आज्याच्या काळी एकाने राजाच्या पुतण्याचं डोकं फोडलं होतं. माळ घालून बसला. राजाने त्याला आपल्या ताटातलं मांस दिलं.”

“मग आईने तसं सांगायचं ना, की मी यासाठी माळ घातलीय, त्यासाठी नाही.”

“माळ घातल्यावर बोलायचं नसतं. मान खाली घालून बसायचं. माळ घालून जो कारणं देतो तो माफी मागत नसतो, भांडत असतो.”

“न बोलता त्यांना कळणार कसं?”

“ते राजे आहेत,” हेआमासी म्हणाला, आणि विषय संपला.

तो गेल्यावर फुसी आईच्या मागे लागली. नको घालूस, हात दाखवून अवलक्षण होईल, तू काही केलंच नाहीस. तोआकासे ऐकत होती, पण तिचं मन दुसरीकडे पळत होतं. कोर्टात जिंकली तर जमीन तिच्या मरणापर्यंत राहणार. पुढे? फुसी मुलगी. आई गेली की तिला त्या जमिनीवर पाऊल ठेवायचाही हक्क नाही. कोर्ट ते बदलू शकत नव्हतं. पण महाराजांच्या तोंडून एक शब्द पडला, ‘या बाईच्या घराला सांभाळा,’ एवढा जरी पडला, तरी नोपेलेंच्या मागून येणाऱ्या नोपेलेंचीही फुसीला हुसकायची छाती झाली नसती. राजा बोले दळ हाले, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. माणसाला आशा लागली की त्याचं डोकं चालत नाही, आणि तोआकासेचं त्या दिवसापासून चालेनासं झालं.

महाराज आले तो दिवस कडक उन्हाचा होता. धक्क्यापासून चर्चपर्यंत बायकांनी वर्षभर कुटलेलं सालीचं कापड अंथरलं होतं. डुकरांची पिल्लं भाजून ओळीने मांडली होती, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, कोनफळं, नीरफणस, खेकडे, कलिंगडं, कुठे पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज थकलेले, अंगाने भरपूर, चालताना दोन्ही बाजूंनी आधार लागत होता. मांडवात बसले तसं सगळं गाव खाली बसलं. त्यांच्यापेक्षा उंच कुणी राहायचं नाही, छत्री उघडायची नाही. कुत्रीसुद्धा बांधून ठेवली होती.

भाषणं झाली. हेआमासी नोपेलेंच्या वतीने बोलला, महाराजांचा मतापुले महाराजांच्या वतीने बोलला, पास्टरने इतकी लांब प्रार्थना केली की महाराजांचा डोळा लागला. ते जागे झाले आणि त्याच वेळी मांडवाच्या टोकाला गलका थांबला.

तोआकासे येत होती. अंगावर काळा कपडा, कमरेला शोकात गुंडाळतात तशी फाटकी, विटलेली, कडा विसविशीत झालेली चटई, केस सोडलेले, आणि गळ्यात इफीच्या हिरव्या पानांची जाड माळ. ती वाकून, जवळजवळ रांगत, मांडवासमोरच्या उन्हात आली आणि मान खाली घालून बसली. पाठीमागे बायकांत कुणी तरी हुंदका दिला. मग दुसरीने, तिसरीने. आपल्याकडे एकीच्या डोळ्यांत पाणी आलं की साऱ्या जणी सुरू होतात.

महाराज जवळच्या माणसाकडे झुकले. तो त्यांच्या कानाशी काही तरी बोलला. तोआकासेला ते दिसलं नाही, ती जमिनीकडे बघत होती. पण फुसीला दिसलं. तो माणूस बोलत होता आणि महाराज कीव आल्यासारखी मान हलवत होते. त्याला काय माहीत होतं? बोटीवरून उतरताना कुणी सांगितलं असेल तेवढं.

महाराजांनी हात वर केला. मतापुलेला बोलू न देता ते स्वतः बोलले. सगळ्या गावाने ते ऐकलं.

“ऊठ, बाई. जे झालं ते झालं. विधवेचं जिणं अवघड असतं, माणूस चुकतो. मी तुला माफ केलं.”

तोआकासेने ते शब्द ऐकले. ‘विधवेचं जिणं’ हे शब्दही ऐकले. एका क्षणात तिला कळलं की महाराज कशाबद्दल बोलतायत. तोंड उघडून ‘तसं नाही महाराज’ म्हणायला तेवढाच एक क्षण होता. पण राजा बोलत असताना, सगळं गाव रडत असताना, गळ्यात माळ असताना ती बोलणार कशी? तिने कपाळ मातीला टेकवलं, आणि बघणाऱ्यांना वाटलं, बाई कृतज्ञतेने कोसळली.

महाराजांनी आपल्या पुढ्यातल्या पानावरचं मांस तिच्याकडे पाठवलं. नोपेले उठले. त्यांच्याही डोळ्यांत खरोखर पाणी होतं, त्यात ढोंग नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यातली माळ काढली, तिला उठवलं आणि कपाळाला कपाळ लावलं. “माझ्याही मनात आता काही नाही,” ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी भजन सुरू केलं आणि सगळ्या गावाने चार आवाजांत ते उचललं. इतकं छान म्हटलं की महाराजांनीही ओठ हलवले.

जेवणं उरकल्यावर हेआमासी महाराजांच्या मतापुलेपाशी गेला. खुशीत होता. म्हणाला, माफी तर मिळाली, आता जमिनीचंही महाराजांनी एका शब्दात मिटवून टाकावं.

मतापुले हसला. “जमिनीचं महाराजांच्या हातात कुठे आहे? महाराजांच्या पणज्याने स्वतःच घटना दिली रयतेला. तेव्हापासून जमीन कायद्याची. महाराजही घटनेबाहेर नाहीत.”

“मग त्यांच्या हातात काय आहे?”

“का? माफ केलं ना आत्ता?”

तोआकासे घरी परतली तेव्हा वाटेत लेसिएली उभी होती. तोआकासेला वाटलं गळ्यात पडेल. लेसिएली तिच्याकडे बघत राहिली, आणि ती फटकळ बाई इतक्या हळू बोलली की तोआकासेला पुढे वाकावं लागलं.

“मी तुझा हात धरून बसले होते कोर्टात.”

“लेसिएली, अगं ती माळ त्याबद्दल नव्हती. सरकारांना उलट बोलले म्हणून...”

“महाराजांना मग खोटं सांगितलंस?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“तेच म्हणतेय मी,” लेसिएली म्हणाली. त्याच आठवड्यात ती पोरांना घेऊन आईकडे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. सुनिआ तिच्या मागे दोनदा गेला आणि दोन्ही वेळा तिच्या भावांनी त्याला अंगणात घेतलं नाही. मग तो तोआकासेकडे यायचा बंद झाला. कसा येणार? ‘वहिनी’ म्हणून वाटेत हाक मारायचा, तीही त्याने सोडली.

पुढच्या बोटीने न्यायाधीश आला. या खेपेला सभागृहात कुणी हसलं नाही. नोपेलेंच्या वकिलाने डुकरं राखणाऱ्याला बोलावलंच नाही. त्याने हेआमासीला बोलावलं.

“आपण रीतीरिवाजाचे जाणकार आहात. न्यायाधीशसाहेब आपल्या देशातले नाहीत. त्यांना सांगा, इफीची माळ कोण घालतं?”

हेआमासीच्या तेव्हा लक्षात आलं. म्हातारा इतका गोरामोरा झाला की पास्टरने त्याला पाणी दिलं. पण बायबलवर हात ठेवलेला होता.

“अपराध केलेला माणूस,” तो म्हणाला.

“निरपराध माणसाने कधी घातल्याचं ऐकलंय?”

“नाही. पण हिने ती सरकारांना उलट बोलल्याबद्दल घातली होती. मीच तिला सांगितलं.”

“तसं तिने त्या दिवशी म्हटलं?”

“माळ घातल्यावर बोलत नाहीत.”

“तुम्ही म्हणालात? तुमचं तर कामच बोलायचं.”

हेआमासीने मान खाली घातली.

मग सुनिआ. त्याने शपथेवर सांगितलं, मी खोपीत झोपलो, पहाटे उठून गेलो, दुसरं काही नाही. वकिलाने त्याला एवढंच विचारलं, “महाराजांनी माफी दिली तेव्हा तुम्ही गर्दीत होता. उठून हे का सांगितलं नाही?” सुनिआ म्हणाला, “महाराज बोलत होते.” यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं ते. महाराज बोलत असताना कोण उठेल?

शेवटी तोआकासे. वकील तिच्याशी अगदी अदबीने बोलला.

“बाई, महाराजांनी तुम्हाला माफ केलं?”

“हो.”

“कशाबद्दल?”

“त्यांना जे सांगितलं होतं त्याबद्दल. पण ते घडलं नव्हतं.”

“म्हणजे महाराजांनी न घडलेल्या गोष्टीला माफी दिली? चुकीची?”

सभागृहात सगळं गाव बसलं होतं, त्या दिवशी रडलेलं, गायलेलं. महाराजांना खोटं ठरवते का ही, हेच सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. तोआकासेने फुसीकडे बघितलं. फुसी मान हलवत होती, सांग, सांग, असं. तोआकासेने तोंड उघडलं. ज्या बाईने एकदा जहागीरदाराला ‘खोटं’ म्हटलं आणि त्यासाठी मातीत डोकं ठेवलं, तिला राजाला ‘खोटं’ म्हणता येईना. तिने प्रयत्न केला, हे मी सांगतो. तिचे ओठ हलले.

“बाई, उत्तर द्या,” न्यायाधीश हळूच म्हणाला.

“महाराज चुकत नाहीत,” तोआकासे म्हणाली.

न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. निकाल दुपारी लागला. तो वाचताना त्याने दोनदा म्हटलं की मला वाईट वाटतं. वाईट वाटून काय होतं? जमीन नोपेलेंकडे गेली.

हेआमासी राजधानीला जाऊन आला. राजवाड्यातल्या कारभाऱ्याने त्याला आत बसवलं, चहा दिला. तो म्हणाला, कोर्टाचा निकाल महाराज फिरवू शकत नाहीत, घटना आहे, आणि तुमच्या सुनेला महाराजांनी त्याच दिवशी माफ केलंय, त्यांच्या मनात काही राग नाही. हेआमासी परत आला आणि त्याने मतापुलेचं काम दुसऱ्या एका पुतण्यावर सोपवलं. चार लोकांत तो पुन्हा कधी बोलला नाही. तोआकासेला त्याचा काय उपयोग?

नोपेलेंनी एक मोठेपणा दाखवला. वेलांना लागलेली कोनफळं तिने काढून न्यावीत, तोवर हॉटेलवाल्याला थांबवू, असा निरोप त्यांनी पाठवला. लोक म्हणाले, बघा, मन मोठं आहे सरकारांचं. ते खरंही होतं. त्यांनी माफही केलं होतं आणि जमीनही घेतली होती, आणि त्यांच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

खणायला कुणी पुरुष येणार नव्हता. ज्या बाईला राजाने असल्या गोष्टीबद्दल माफ केलंय तिच्या शेतात कोण पाय ठेवणार? घरी बायको आहे प्रत्येकाला. मग मायलेकी दोघीच कुदळी घेऊन गेल्या. सकाळचं ऊन होतं. समुद्राच्या बाजूला हॉटेलवाल्याच्या माणसांनी लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकल्या होत्या. पुढच्या बोटीने दोघी राजधानीला जाणार होत्या, तोआकासेच्या बहिणीच्या घरी, जिथे आधीच नऊ माणसं होती. फीला आता पैसे कुठून येणार, म्हणून फुसीची शाळा सुटणार हे न बोलताच ठरलं होतं.

तोआकासेला खणायची सवय नव्हती. तिची कुदळ दर वेळी कंदालाच लागायची आणि पांढरा गर बाहेर यायचा. फुसी बरी खणत होती. मग फुसी थांबली आणि दांड्यावर हनुवटी टेकून आईकडे बघायला लागली.

“आई.”

“काय गं?”

“आता जमीन गेलीच आहे. कोर्टही संपलं. आता कुणी विचारणार नाही.” तिचा आवाज मऊ होता, तोआकासेने इतका मऊ आवाज तिच्या तोंडून लहानपणानंतर ऐकला नव्हता. “मला तरी खरं काय ते सांग. मी रागावणार नाही. महाराजांनी माफ केलं, मग मी कोण?”

तोआकासे खड्ड्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत मातीत. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर राग नव्हता, संशयाची बोच नव्हती, नुसती माया होती.

“काही झालं नव्हतं, फुसी.”

“बरं,” फुसी म्हणाली. “बरं, आई. राहू दे.”

आणि खड्ड्याच्या कडेला बसून ती आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावा तसा आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.